खारीचा वाटा

निवृत्त माणसाने काय काय करू नये, याची यादी डोंबिवलीत कुणालाही झोपेतून उठवलं तरी तो म्हणून दाखवील. सोसायटीचं सेक्रेटरीपद घेऊ नये. फंडाचे पैसे शेअरबाजारात घालू नयेत. भाजीला बायकोबरोबर जावं, पण भाजी निवडताना सूचना करू नयेत. या यादीत ‘माळ्यावरची गिटार खाली काढू नये’ असं कलम मात्र कुठेच नाही. म्हणून मी ती काढली.

पहिल्या पगारातून घेतलेली गिटार. घेतली तेव्हा माझे केस कानांवर येत होते आणि एवढ्या भांडवलावर कलाकार होता येतं, अशी माझी समजूत होती. चार कॉर्ड शिकलो, दोन गाणी बसवली आणि लग्न ठरलं. त्यानंतर डोंबिवलीचे तीसेक पावसाळे तिने जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर काढले. खाली आणून चादर सोडली, तर पहिल्यांदा नजरेत भरलं ते तिचं पोट. ब्रिजच्या मागची फळी फुगून वर आली होती, आणि तारा इतक्या उचलल्या गेल्या होत्या की खालून पेन्सिल सहज सरकावी.

“अहो, अगदी तुमच्यावर गेली आहे,” ही म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

दाढीचा आरसा आणि मोबाइलची बॅटरी घेऊन मी गिटारच्या पोटात डोकावलो. आत फळीला चिकटवलेल्या आडव्या पट्ट्या होत्या. त्यांतली एक सुटून, चाळीतल्या गॅलरीच्या कठड्यासारखी एका टोकाने लोंबत होती.

या पट्ट्यांना ब्रेस म्हणतात. मराठीत सांगायचं तर हे गिटारच्या घराचे वासे. वरून कुणाला दिसत नाहीत, त्यांचं कौतुक कुणी करत नाही, पण सगळा भार त्यांच्यावर. पोलादी तारांच्या गिटारमध्ये सहा तारांची मिळून ओढ सत्तर किलोंच्या वर जाते, आणि ती सोसणारी फळी असते मारी बिस्किटाहून पातळ. सत्तर किलो म्हणजे लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेला एक मध्यमवयीन डोंबिवलीकर. फरक इतकाच, की हा गृहस्थ ठाण्याला उतरत नाही, घाटकोपरला उतरत नाही, रात्रंदिवस तिथेच टेकलेला असतो. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं आपण म्हणतो. गिटारमध्ये उलटं आहे. आधी वासे फिरतात, मग घर.

मग वासे भक्कम जाडजूड का ठेवू नयेत? कारण मग गिटार बोलत नाही. फळी हलली तर आवाज, आणि फळीला हलू द्यायचं नाही हे तर वाशाचं काम. जाड ठेवले तर घर टिकतं पण त्यात कुणी बोलत नाही, पातळ केले तर सगळे बोलतात पण घर टिकत नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे जास्त समजावून सांगावं लागू नये.

ही गोष्ट ज्याला सगळ्यांत आधी नीट उमगली, तो मूळचा सुतारच होता. आंतोनियो दे तोर्रेस, स्पेनमधला. ठाण्याला पहिली आगगाडी आली १८५३ साली. त्यानंतर नऊ वर्षांनी, म्हणजे १८६२ साली, या माणसाने एक गिटार केली. तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या. आपल्याकडे लगद्याचा गणपती होतो, त्याने गिटार केली. फक्त वरची फळी खऱ्या लाकडाची, आणि आत पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले वासे. त्याला दाखवून द्यायचं होतं ते एवढंच, की गिटारचा आवाज भारी शिसवी लाकडात नसतो, तो वरच्या फळीत आणि तिच्याखालच्या वाशांत असतो. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. मला मात्र त्या कथेतलं एकच वाक्य ऐकू आलं: तो सुतार होता, म्हणजे हे सुताराला जमतं, म्हणजे मलाही जमेल. तर्कशास्त्रात याला काय म्हणतात ते माहीत नाही. आमच्या घरी याला ‘झालं सुरू’ म्हणतात.

नवी फळी आणि वाशांसाठी स्प्रूसच्या काड्या मागवल्या. हातसाफ करायला एमआयडीसीतून पाइनच्या दोन फळ्या आणल्या. परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, ती खोकी फोडून त्यांचं लाकूड विकणारे तिथे भेटतात. राहिला रंधा. आमच्या सोसायटीत जवळजवळ सगळ्यांची कपाटं ज्यांनी केली, ते सुतारकाका मूळचे कोकणातले. त्यांच्याकडे गेलो. हल्ली तेही विजेचा रंधा फिरवतात, पण पिशवीच्या तळाशी वडिलांचा लाकडी रंधा अजून आहे. बाभळीचा, हाताच्या घामाने काळा झालेला. सुताराचं मन बाभळीपाशी म्हणतात, ते खोटं नाही. माझी करंगळीएवढी जाड काडी बघून ते हसले.

“साहेब, एवढ्याशा काठीला रंधा? काच फोडा नि खरवडा.”

हे थट्टेत नव्हतं. फुटक्या काचेच्या कडेने लाकूड खरवडून गुळगुळीत करणं ही जुन्या सुतारांची रोजची युक्ती. पण मला रंधाच हवा होता. त्यांनी मोठ्या मनाने तो बाभळीचा रंधा दिला, आणि मी घरी येऊन, गॅलरीत पाट उलटा टाकून, पाइनच्या सोळा मिलिमीटर उंचीच्या पट्टीवर तो चालवला. काय सुरेख आवाज! सर्र, सर्र. कुरळी साल नाकासमोर उडत होती. मला बालपण आठवलं, शाळेतला सुतारकामाचा तास आठवला. आठवणी संपल्या तेव्हा पट्टी अकरा मिलिमीटरची उरली होती.

पाच मिलिमीटर. त्यात एवढं काय, असं वाटेल. पण वाशाचं गणित कुटिल असतं. त्याची रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो. उंची निम्मी केली तर मात्र आठवा हिस्सा उरतो. सोळा मिलिमीटरवरून एकच मिलिमीटर काढला, तरी जवळजवळ १८ टक्के ताठपणा जातो. माझे पाच गेले होते, म्हणजे पट्टीचा जेमतेम एक तृतीयांश जीव शिल्लक होता. आणि केस कापणाऱ्याला जे सांगता येतं, तेच रंध्यालाही लागू पडतं: कमी कापलं तर पुन्हा बसता येतं, जास्त कापलं तर टोपी घालावी लागते.

नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायाने मी दोष रंध्याला दिला. पण शांतपणे विचार केल्यावर दिसलं, की या वेळी अंगण खरंच मोठं होतं. मोठा रंधा मोठी चूक करतो, लहान रंधा लहान. रंधा निवडायचा म्हणजे आपली एक चूक केवढी असावी, हे आधीच ठरवायचं. एवढं कळल्यावर मी लहान रंध्याच्या शोधात निघालो.

कल्याणपासून सुरुवात केली. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि इथल्या खाडीवर शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजं बांधली जाऊ लागली. दुर्गाडीच्या पायथ्याशी तेव्हा सागवानाचे केवढे ओंडके तासले जात असतील! त्या गावात अंगठ्याएवढा रंधा मागायचा म्हणजे तालमीत जाऊन नेलकटर मागण्यासारखं. हार्डवेअरच्या दुकानातल्या शेठने काउंटरवर एक लोखंडी धूड आपटलं. मी म्हटलं, “याहून लहान?” त्याने दुसरं काढलं. “याहून लहान?” तो गंभीरपणे म्हणाला, “काका, याहून लहान खेळण्यांच्या दुकानात.”

ठाण्यात जांभळी नाक्यावर हाच संवाद जरा अधिक सभ्यपणे झाला. मग नातवाच्या मदतीने इंटरनेटवर बघितलं, तेव्हा कळलं की जगात याची एक वेगळीच दुनिया आहे. व्हायोलिन करणारे लोक पितळेचे रंधे वापरतात, अंगठा आणि दोन बोटांत धरायचे. काही सपाट तळाचे, काही तळाला गोलाई असलेले. स्टॅन्ली कंपनीचा एक जुना नमुना तर पाहताक्षणी आवडला. जेमतेम साडेतीन इंचांचा, आणि मागे तळहातात बसेल अशी वर उचललेली मूठ. त्या मुठीचं इंग्रजीतलं नाव खारीच्या शेपटीवरून पडलं आहे. अमेरिकेतल्या भाच्याला किंमत विचारली. हिला सांगताना मी ती रुपयांत सांगितली नाही, डॉलरमध्येच सांगितली. डॉलरचे आकडे लहान दिसतात. पण हिने आयुष्यभर घर चालवलं आहे.

“एवढ्यात नवा मिक्सर येईल,” ती म्हणाली, आणि पुढे जे म्हणाली त्याने माझं अर्धं शिक्षण झालं. “आणि रंधा रंधा काय लावलंय? आपल्या घरात आहे की.” तिने फळीवरून वेफर्सची किसणी काढून माझ्या हातात दिली.

मी ती उलटी करून पाहिली. खरंच की! सपाट तळ, मधे तिरकं पातं, पात्यापुढे फट. रंध्यात लाकूड स्थिर राहतं आणि पातं फिरतं. किसणीत पातं स्थिर असतं आणि बटाटा फिरतो. बाकी काही फरक नाही. पातं तळाच्या जितकं बाहेर, तितका काप जाड. पातं बोथट असेल तर काप निघत नाही, बटाटा चिरडतो. आणि फट मोठी असेल तर? “तर काप मधेच फाटतो,” ही म्हणाली. हे मी तीन दिवस वाचून समजून घेत होतो. रंध्याचं तोंड अरुंद हवं, म्हणजे पात्याच्या पुढ्यातच लाकूड दाबून धरलं जातं आणि रेषा उचकटत नाही. साध्या रंध्यात पातं ४५ अंशांत तिरकं बसतं. कमी कोनाच्या छोट्या रंध्यात ते १२ अंशांवर, जवळजवळ निजलेलं असतं, धार वरच्या बाजूला करून. हे सगळं मी हिला समजावून सांगायला लागलो, तर तिने बटाटे सोलायला दिले.

शेवटी मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठली. हत्यारांच्या बाबतीत तिथे जे मिळत नाही, ते मागू नये. तिथे मला एका हातात मावेल असा लोखंडी ब्लॉक प्लेन मिळाला. परतीच्या गाडीत तो पिशवीतून काढून बघण्याचा मोह आवरला नाही, आणि दिव्यापर्यंत चार अनोळखी माणसांनी त्याचं पातं अंगठ्याने तपासून, धार नाही, असं एकमताने ठरवलं.

खरोखरच नव्हती. नव्या रंध्याला धार नसते, ती आपण आणायची असते. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून आधी तळ सपाट केला, मग पातं घासलं: चारशे नंबर, आठशे, पंधराशे, दोन हजार. मिरजेची सतार आणि तंबोरा जगभर जातो, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या कारागीर घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे तलवारींना धार लावणारे, असं सांगतात. पूर्वी हे वाचून नवल वाटायचं. तलवारीकडून तंबोऱ्याकडे माणूस जातो कसा? दोन हजार नंबरच्या कागदावर तासभर पातं घासल्यावर नवल संपलं. धारेचा हात ज्याला आला, त्याचं अर्धं वाद्य झालेलंच असतं. उरलेलं अर्धं म्हणजे जवारी: घोडीवरून तार ज्या जागेला शिवते, ती जागा केसाकेसाने घासत, ऐकत, पुन्हा घासत बसणं. तिथेही प्रश्न तोच, केव्हा थांबायचं.

ब्लॉक प्लेनने मी दोन संध्याकाळी सगळ्या वाशांना उतार दिला आणि ते फळीला चिकटवले. मग अडचण आली. पोलादी तारांच्या गिटारमध्ये दोन मुख्य वासे फुलीसारखे एकमेकांना छेदतात. ही रचना १८४० च्या दशकात अमेरिकेत मार्टिन यांच्या गिटारींमध्ये आली. हे मार्टिन मूळचे जर्मनीचे, कपाटं करणाऱ्या सुतारांच्या संघातले. गिटार करण्याचा हक्क आमचा, तुम्ही कपाटं करा, असं तिथल्या व्हायोलिनवाल्यांच्या संघाचं म्हणणं होतं. तो वाद चालू असतानाच ते १८३३ साली अमेरिकेला गेले. सोसायटीच्या मीटिंगा पाहिलेल्या माणसाला हे स्थलांतर पूर्ण पटतं.

तर ती फुली. तिच्या चार काखांत ब्लॉक प्लेन शिरत नाही. एका वाशावरून सरकला की नाक दुसऱ्या वाशावर आपटतं, आणि घसरला तर थेट खालच्या पातळ फळीत. शिवाय वाशाला मधे खोलगट झोळ द्यायचा असेल तर लांब, सपाट तळाचा रंधा दोन उंचवट्यांवर पुलासारखा टेकतो, खाली उतरतच नाही. मार्टिन कंपनीने हा झोळ १९४४ साली बंद केला होता. कारण लोक जाड, जास्त ताणाच्या तारा लावायचे आणि वासे दमायचे. मी तो देणार होतो, कारण माझ्या बोटांत जाड तारा दाबण्याची ताकदच राहिलेली नाही. म्हणजे पुन्हा हवा तोच, अंगठ्याएवढा, गोल तळाचा.

तो शेवटी मिळाला घरापासून वीस मिनिटांवर. एमआयडीसीत एक तरुण मिलिंगचं काम घेतो. त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं. त्याने भंगारातून पितळेचा एक तुकडा उचलला, पॉवर हॅक्सॉचं तुटलेलं पातं घेतलं. ते पोलाद धार धरून ठेवतं. “काका, चार दिवसांनी या,” म्हणाला. मी रोज गेलो. पाचव्या दिवशी त्याने माझ्या तळहातावर एक वस्तू ठेवली. आगपेटीहून जरा लांब, तळाला कढईसारखी गोलाई, आणि मागे मी सांगितली नव्हती तरी त्याने चित्रावरून ओळखून काढलेली एक वर वळलेली शेपटी. पाचर तेवढी मी शिसवाची केली.

खारीची शेपटी! सेतू बांधताना वाळूचे कण वाहणारी खार आपल्याला लहानपणापासून माहीत. गिटारवर तारा जिथे बांधतात त्यालाही ब्रिजच म्हणतात. त्या सेतूच्या खाली, पोटाच्या अंधारात, माझी ही पितळी खार काम करणार होती. मूळ खार वाळू आणून टाकायची, ही लाकूड उचलून नेते. प्रमाण तेच.

तिच्या तळाला मेणबत्ती घासायची, म्हणजे ती अडखळत नाही. पातं इतकंच बाहेर काढायचं की बोटाला जाणवावं पण डोळ्याला दिसू नये. अंगठा मागे, पहिलं बोट नाकावर. लाकडाची रेषा ज्या दिशेने चढते तिकडेच ढकलायचं, उलटं गेलं की पापुद्रा उठतो आणि खार थबकते. बरोबर गेलं तर कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी साल निघते, तिच्यातून वर्तमानपत्राचा मथळा वाचता येतो. अशी साल मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. म्हणजे एक मिलिमीटर चुकायला वीस फेऱ्या, आणि शहाणं व्हायला वीस संधी. बाभळीच्या रंध्याने मला एकही दिली नव्हती.

दर दोन-तीन सालींनंतर फळी दोन बोटांत कडेला लोंबती धरायची आणि दुसऱ्या हाताने ठोकून ऐकायचं. सुरुवातीला ‘ठक’ यायचं, दारावर पोस्टमन आल्यासारखं. हळूहळू त्याचं ‘ठंम्’ व्हायला लागलं. या बाबतीत माझ्या कानांपेक्षा हिच्या कानांवर माझा जास्त भरवसा. चाळीस वर्षं नारळ, कलिंगड आणि माठ वाजवून घेणाऱ्या बाईला नादाचं शिक्षण द्यावं लागत नाही. ती पोळ्या लाटता लाटता आतून सांगायची, “अजून कच्चा आहे.” एका रविवारी सकाळी मात्र लाटणं थांबलं.

“आता हात लावू नका,” ती म्हणाली.

मला अजून चार साली काढायच्या होत्या. हात तसाच वर राहिला. मग खार डबीत ठेवली, फळी बसवली, पाठ चिकटवली, तारा चढवल्या. गेला पावसाळा त्या गिटारने खोलीत भिंतीवर काढला, आणि तिचं पोट जागच्या जागी आहे. आवाजाबद्दल मी बोलणं बरं नाही, पण वरच्या मजल्यावरच्या आजी हल्ली गॅलरीत येऊन बसतात.

या वाशांचा सगळा कीस मी एका पिशवीत साठवला होता. तुळशीच्या कुंडीत घालण्याआधी तो हिच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला. तीन महिन्यांच्या कामाचं वजन भरलं ३१ ग्रॅम. त्यातले २९ ग्रॅम ब्लॉक प्लेनने दोन संध्याकाळी काढले होते. उरलेले दोन ग्रॅम खारीचे. आवाज बदलला तो या दोन ग्रॅमांनी.